नागरिकत्वाचे कागद कुणाला दाखवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारची मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. यंदा ती बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. प्रवेशाला लागणाऱ्या कागदांची यादी तिने उतरवून घेतली होती आणि दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार अशा एकेका ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. एकाच ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं, ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. "बाई, राष्ट्रीयत्वाचं काय करू?" तिने विचारलं. दहावीला मराठी मीच तिला शिकवलं आहे. शब्दाचा अर्थ तिला मी सांगायची गरज नव्हती.

तिचा जन्म सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातला. २००९ मध्ये आईवडिलांबरोबर पिंपरीत आली तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांमध्ये त्यांचे नातेवाईक होते, त्यांच्याच आधाराने हे आले. वडील बाजारात कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळतात, आई घरी पापड लाटून देते. तिला मी भाभी म्हणते. इतकी वर्षं हे कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे सगळे ज्याला एलटीव्ही म्हणतात त्यावर, रीतसर नोंदणी करून राहतं आहे. मुदत संपत आली की नूतनीकरण आणि पुन्हा वाट पाहणं.

त्यांना नागरिकत्व मिळू नये असं कुठलाच नियम म्हणत नाही. उलट त्यांच्यासाठी एक सोडून दोन वाटा आहेत आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातले असे जिल्हे चार, मुंबई, ठाणे, नागपूर आणि आपलं पुणे. दुसरी वाट २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची, म्हणजे सीएएची. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांना ती लागू आहे आणि अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट तिथे पाच वर्षांवर आणली आहे. या वाटेने केलेला अर्ज मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातच नाही. तो जिल्हास्तरीय समितीकडे जातो आणि त्या समितीचे प्रमुख असतात टपाल खात्याचे अधीक्षक. नागरिकत्वासाठी टपाल खात्याच्या दारात जायचं असतं, हे पिंपरीतल्या पापड लाटणाऱ्या बाईला कोण सांगणार? मला स्वतःला ते कळायला तीन महिने लागले आणि मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे.

हे तीन महिने कसे गेले ते सांगते, कारण माझी तक्रार कायद्याबद्दल नाही, मधल्या पोकळीबद्दल आहे. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही. जिथे येतं असं सांगितलं, तिथे म्हणाले सगळं ऑनलाइन आहे, पोर्टलवर भरा. ऑनलाइन भरून देणाऱ्या एका केंद्रातल्या मुलाने हा फॉर्म आयुष्यात पाहिला नव्हता, त्याचा काय दोष? कुणी उद्धटपणे बोललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. पण खुर्ची पुढे करून ‘बसा, कागद दाखवा’ असंही कुणी म्हणालं नाही.

असं म्हणणारा एकच भेटला, एजंट. त्याने भाभींकडून पंधरा हजार रुपये घेतले. २०१६ मध्ये सरकारने या अर्जदारांचं शुल्क १०० रुपयांवर आणलं होतं, हे सोबत लिहिते, म्हणजे प्रमाण कळेल. त्याने भरलेल्या अर्जात भारतात आल्याची तारीखच चुकली होती. पासपोर्टवर भाभींचं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाव आहे, व्हिसावर स्पेलिंग वेगळं आहे आणि मुलीच्या शाळेत आडनाव म्हणून तिसरंच काही लागलं आहे. ही तिन्ही माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आधी जोडायला हवं होतं. ते न जोडल्यामुळे त्रुटी निघाली आणि कागद परत आले. त्यात सव्वा वर्ष गेलं. त्या सव्वा वर्षात मुलीला अठरा पूर्ण झाली. आई किंवा वडील आधी नागरिक झाले असते, तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या नोंदणीची जी सोपी तरतूद आहे तिच्यात ती बसली असती. आता तिचा अर्ज स्वतंत्र.

याच एजंटाने भाभींना आणखी एक सांगितलं होतं, हिंदीची परीक्षा होईल, नापास झालात तर संपलं. भाभींनी पहिलीचं हिंदीचं पुस्तक आणलं आणि दुपारी पापड वाळत घातले की दुरेघी वहीत बाराखडी गिरवायच्या. मी ती वही पाहिली आहे. ‘ज्ञ’ त्यांना जमत नव्हता म्हणून त्याचं एक अख्खं पान भरलेलं होतं. खरं म्हणजे नियमाला हवी आहे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहेच आणि सिंधीही आहे, ती १९६७ मध्ये घातली गेली. २०२४ च्या नियमांनुसार तर ती भाषा बोलता किंवा वाचता किंवा लिहिता आली तरी पुरते आणि तसं स्वतःच लिहून द्यायचं असतं. म्हणजे जी भाषा भाभी जन्मल्यापासून बोलतात तीच चालणार होती. हे एक वाक्य त्यांना वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर वर्षभराची धास्ती वाचली असती. (वही त्यांनी बंद केली नाही. आता त्या मराठी लिहितात. मुलीच्या वह्यांवर नाव घालायचं काम त्यांच्याकडे आहे.)

अफवांचंही असंच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील हा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने लगेच केला होता. तो यांच्यापर्यंत पोचायच्या आत शेजारपाजारचे ‘आता काय करणार?’ म्हणून विचारून गेले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचा आदेश निघाला, त्यात २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली गेली. लगेच बाजारात बोललं जाऊ लागलं की नागरिकत्वाची तारीखच दहा वर्षं पुढे गेली. तशी ती गेलेली नाही. ती राहण्यापुरती सूट आहे, नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे. या गैरसमजावर नव्याने आलेल्या कुटुंबांकडून पैसे उकळले जातील अशी मला भीती वाटते, म्हणून आपल्या पत्रातून हे छापून यावं असं वाटतं.

आता माझ्या सूचनेकडे येते. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल हवं. तिथे कायदा जाणणारं एक माणूस आणि कागद वाचायची सवय असलेलं एक माणूस बसावं. अर्ज भरायच्या आधी त्यांनी पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीपत्र समोर मांडून स्पेलिंग आणि तारखा ताडून पाहाव्यात, तुमची वाट कुठली ते सांगावं आणि कोणता कागद कोणत्या यादीत बसतो ते दाखवावं. मूळ देश दाखवायला पासपोर्टच लागतो असं नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद यांपैकीही चालतो आणि मुदत संपलेला असला तरी चालतो. आल्याची तारीख दाखवणारे कागद वेगळे. एवढं समजावायला अर्धा तास लागतो.

याला नवी इमारत लागत नाही. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि १५१०० हा मोफत क्रमांकही आहे. पण तिथे जायचं असतं हे भाभींच्या गल्लीत कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे विधी महाविद्यालयं आहेत, त्यांच्या विधी साहाय्य केंद्रांतल्या मुलांना शिकायला यापेक्षा जिवंत काम कुठलं मिळेल? पुण्यात पेठापेठांत वाचनालयं आहेत, सकाळी अकरानंतर त्यांतली टेबलं रिकामी असतात. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने व टपाल खात्याने आपापल्या दारावर, कोणता अर्ज कुठे द्यायचा याचा मराठीत आणि सिंधीत एक फलक लावला तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

या टेबलावर धर्म विचारला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ च्या कायद्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत आणि ती राहतील. पण अर्जदार काही एकाच प्रकारचे नसतात. कोथरूडच्या माझ्या मैत्रिणीची सून रशियन आहे. भारतीयाशी लग्न झालेल्यांना इथे सात वर्षं राहिल्यावर नोंदणीने अर्ज करता येतो, हे त्या घरातल्या तीन इंजिनिअरांना माहीत नव्हतं. शिकायला म्हणून येऊन इथेच आयुष्य काढलेले इराणी गृहस्थ असतील, त्यांची वाट आणखी वेगळी. ज्याची जी वाट असेल ती त्याला नीट दाखवावी.

एक गोष्ट आपल्या वाचकांशीही बोलायची आहे. या अर्जाला अर्जदाराच्या वर्तणुकीबद्दल एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. भाभींनी ते आधी दोन घरी मागितलं. दोन्ही घरी त्यांच्या हातचे पापड बारा वर्षं खाल्ले जातात. दोघांनीही ‘उगाच लफडं नको’ म्हणून नाही सांगितलं. शेवटी मी दिलं. नोटरीकडे जाऊन यायला रिक्षासकट पाऊण तास लागला. मी जे पाहिलं तेच लिहून दिलं की ही बाई मला बारा वर्षं माहीत आहे आणि तिने कुणाचं वाईट केलेलं मी पाहिलेलं नाही. खरं तेच लिहायचं असताना भ्यायचं कशाला? ज्यांच्या शेजारी असं कुटुंब आहे त्यांनी कृपा करून हा पाऊण तास द्यावा.

भाभींचा नवा अर्ज आता दाखल झाला आहे. तारखा मी स्वतः तीनदा तपासल्या. मुलीचा अर्ज मात्र अडला आहे, कारण तिच्या वडिलांच्या पिशवीत तीन जुने कागद आहेत, आजोबांच्या शाळेचा दाखला आणि जमिनीचे दोन उतारे. ते अरबी वळणाच्या लिपीतल्या सिंधीत आहेत. कॅम्पातल्या तरुण मुलांना ती लिपी येत नाही. महापालिकेच्या उर्दू शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपणहून येऊन दाखल्यावरचं नाव आणि साल लावून दिलं, पण उतारे हाताने लिहिलेले आहेत आणि सिंधीची काही अक्षरं उर्दूत नाहीत, त्यामुळे ते थांबले. आपल्या वाचकांपैकी कुणा वडीलधाऱ्यांना जुनं सिंधी हस्ताक्षर वाचता येत असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी कागद घेऊन त्यांच्या घरी येईन. सीईटीच्या प्रवेशाआधी भेट झाली तर फार बरं होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पिंपरी