नेरुळच्या काकूंस, आमच्या टँकमधल्या हिरव्या पानांसाठी

आदरणीय काकू,

सविनय नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला आले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय चहाकडे वळवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. दुसरे कारण असे की, आफ्रिकन सिक्लिड हे मासे काचेच्या टँकमध्ये पाळणाऱ्याला आपल्याकडे सर्वांत आधी "यांच्या टँकमध्ये झाड जगत नाही, प्लास्टिकचंच लावा" हेच ऐकवले जाते. ते खरे नाही, हे तुम्ही मला सिद्ध करून दाखवलेत, आणि ज्या कोणाच्या घरी आज असा उघडाबोडका टँक असेल त्यालाही ते कळायला हवे, असे मनापासून वाटते.

आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले यलो लॅब आणि झेब्रा हे सिक्लिड आणले, तेव्हा एका दुकानातून त्यांच्यासोबतच कॅबोम्बा आणि ॲमेझॉन स्वोर्ड ही पाण्यातली झाडेही घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅबोम्बाच्या नुसत्या काड्या फिल्टरच्या तोंडाशी अडकलेल्या होत्या आणि स्वोर्ड मुळासकट उपटून वर तरंगत होता. त्यानंतर आणखी दोनदा मी तीच झाडे आणली आणि दोन्ही वेळा तेच झाले. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण हातांनी लावलेले रोप सकाळी तसे तरंगताना पाहणे अधिक जिव्हारी लागायचे.

गणपतीत तुम्ही आरतीला आलात आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन पंधरा मिनिटे टँकसमोर बसून राहिलात, ते मला आजही लख्ख आठवते. मी झाडांची नावे विचारत होते, आणि तुम्ही उलट मलाच विचारलेत, "झाडाचं नंतर बघू. हे मासे दिवसभर तोंडाने काय करतात, ते आधी सांग." इतके महिने रोज पाहूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. मग तुम्हीच दाखवलेत की झेब्रा दगडाशी काटकोनात उभा राहून त्यावरचे शेवाळ खरवडतो, आणि दगडाखालची वाळू तोंडात भरून बाजूला नेऊन टाकतो. हे सारे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे मासे. खरवडणे आणि उकरणे हा त्यांचा जन्मजात व्यवसाय आहे, त्यामुळे कोवळे पान आणि वाळूत रोवलेले मूळ त्यांच्यापुढे टिकणारच नाही. ज्याचे पान त्यांना नकोसे वाटेल आणि ज्याला वाळूची गरजच नसेल असे झाड निवडायचे, ही तुमची कसोटी त्या दिवशी मला पटली.

त्या कसोटीला सर्वांत आधी उतरले ते अनुबियास. मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले हे झाड आपल्या अळूच्याच कुळातले आहे, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला आश्चर्य वाटले. "चिंच न घालता अळू खाऊन बघ, म्हणजे मासा ते का थुंकतो ते कळेल," हे तुमचे वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते. पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक तोंडाला टोचतात आणि पान चामड्यासारखे चिवटही असते, त्यामुळे मासे एखादा चावा घेऊन बघतात आणि सोडून देतात.

पुढच्या रविवारी तुम्ही तुमच्या टँकमधला बोटभर लांबीचा, चार पानांचा तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलात. आल्याच्या कुडीसारखे त्याचे ते आडवे खोड मी सवयीने वाळूत खुपसायला गेले, तेव्हा तुम्ही माझे मनगट धरलेत. ते खोड गाडले की कुजते. ते दगडावर उघडे ठेवायचे आणि मुळांना आपली वाट आपण शोधू द्यायची. हाताएवढा काळा दगड घेऊन तुम्ही त्यावर खोड ठेवलेत, काळ्या सुती दोऱ्याचे चार वेढे घेतलेत आणि प्रत्येक वेढा पानांच्या देठांमधून असा काढलात की एकही देठ दबला नाही. आपला सह्याद्रीचा दगडही मुळात लाव्हाच आहे, त्यासाठी महागडा आयात दगड कशाला, असेही तुम्ही म्हणालात. दीड-दोन महिन्यांत मुळांनी दगडाला अशी घट्ट मिठी मारली की दोरा कुजून गेला तरी काही बिघडले नाही.

जावा फर्न हा पाण्यात वाढणारा नेचाही त्याच पद्धतीने दुसऱ्या दगडावर बांधला. त्याच्या पानांमागे काळे ठिपके दिसल्यावर रोग समजून मी कात्री हातात घेतली होती. रात्री नऊ वाजता केलेला फोन तुम्ही उचललात आणि ते बीजाणूंचे पुंजके असल्याचे शांतपणे समजावलेत. ती पाने कापली असती तर आज त्यांच्याच टोकांवर दिसणारी इवली रोपे मला मिळालीच नसती.

बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यावरच्या परागीभवनासाठी पाठ केलेली वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती मात्र मुळांवर जगणारी, म्हणून तिला मातीच्या छोट्या कुंडीत लावून वर गोटे रचण्याची युक्ती तुम्ही सुचवलीत. कठीण, अल्कधर्मी पाण्यातला बायकार्बोनेटही तिला कार्बनसाठी वापरता येतो, त्यामुळे मालावीच्या माशांना मानवणारे पाणी तिलाही मानवते. आमच्या नळाला येणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) मी मोजला तेव्हा ७.२ भरला होता, आणि या माशांना साधारण ७.८ ते ८.६ लागतो. तो वाढवण्यासाठी तुम्ही कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवायला लावलात. प्रवाळाचा चुरा घ्यायचा नाही, कारण आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे तुम्ही मला ज्या तळमळीने बजावलेत, त्यामुळे तुमच्याविषयीचा आदर वाढला.

टँकचा दिवा दिवसाला सात तासांवर आणणे आणि आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक माशांना देणे, हे तुमचे दोन्ही सल्ले मी आजतागायत पाळते आहे.

चार पानांच्या त्या तुकड्याला आज अकरा पाने आहेत. गेल्या महिन्यात झेब्राची मादी तोंडात अंडी घेऊन जवळजवळ तीन आठवडे त्याच पानांच्या सावलीत उभी होती, आणि एके दिवशी संध्याकाळी नखाएवढी पिल्ले जावा फर्नच्या मुळांत शिरताना आम्ही घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली. त्या क्षणी तुम्ही तिथे असायला हव्या होतात.

अनुबियासचा चार पानांचा एक तुकडा काढून मी तो काळ्या दगडावर बांधला आहे. समोरच्या इमारतीत एका मुलाने नुकतेच यलो लॅब आणले आहेत, त्याला तो द्यायचा आहे. मात्र शेवटचे पान जिथे फुटते, तिथून मी खोड थोडे जास्त कापले असावे असे वाटते. देण्यापूर्वी तुम्ही ते एकदा नजरेखालून घालाल का? रविवारी चारनंतर दगड बादलीत घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण
नेरुळ, नवी मुंबई