यंदा कमरेला ढोल नको

सदाशिव पेठ, पुणे ३०

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर येतं आणि मग तुझी आई माझ्या हातातून फोन काढून घेते. म्हणून लिहितोय. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही आणि मला आवाज चढवता येत नाही.

सांगायचं एवढंच, की यंदा विसर्जन मिरवणुकीत ढोल बांधू नकोस. ताशाही नको आणि ‘मग ध्वज तरी नाचवते’ ही पळवाटही नको. तुझं म्हणणं मला पाठ झालंय: ताप गेला, घसा मोकळा झाला, ऑफिस सुरू झालं, आता काय राहिलं? पाणथरी, म्हणजे प्लीहा, राहिली. सोनोग्राफीत ती १४ सेंटिमीटरच्या वर आली आहे. मोठ्या माणसाची साधारण १२-१३ पर्यंत असते. ‘एका सेंटिमीटरने काय होतंय?’ असं तू म्हणालीस, तेव्हाच मी चिडलो.

होतं ते असं. तुला झालेल्या मोनोन्यूक्लिओसिसमध्ये, म्हणजे ‘मोनो’ म्हणतात त्या विषाणूच्या तापात, पाणथरी सुजते, बरगड्यांच्या आडोशातून थोडी खाली सरकते आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. मग पोटावर धक्का बसला, कधी कधी नुसता जोर पडला, तरी ती फाटू शकते. असं क्वचित होतं, शंभरात एकालासुद्धा नाही, आणि बहुतेक वेळा आजाराच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत. पण झालं तर पोटात रक्तस्राव होतो आणि माणूस थेट ऑपरेशनच्या टेबलावर जातो. आता तुझा ढोल आठव. तो कमरेला दोरीने आवळून बांधायचा, त्याची कड पोटात रुतलेली, टिपरू पडेल तसा प्रत्येक ठोक्याला आतवर हादरा, आणि असं अलका चौक येईपर्यंत तासन्‌तास. डाव्या बरगडीखाली एवढा मार तर कबड्डीतही बसत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. डाव्या बाजूला वरच्या पोटात एकदम कळ आली, डावा खांदा विनाकारण दुखायला लागला, चक्कर आली, तर मला मेसेज करत बसू नकोस. खोलीवरच्या मैत्रिणीला उठव आणि सरळ हॉस्पिटल गाठ. आम्हाला तिथून कळव.

तू आजारी पडलीस तेव्हा पावसाळा ऐन भरात होता, त्यामुळे ज्याला त्याला डेंग्यूच सुचला. यात कोणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्यात ऑगस्टमध्ये ताप आला की आधी डेंग्यूची एनएस-१ चाचणी करतात, आणि तुझ्या प्लेटलेटही थोड्या खाली होत्या. नंतर घशात पांढरे थर दिसले म्हणून तुमच्या भागातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच जातीचं औषध, दिलं. तिसऱ्या दिवशी मानेपासून मनगटापर्यंत लाल पुरळ. मोनोन्यूक्लिओसिस असताना हे औषध पोटात गेलं की असं पुरळ बऱ्याच जणांना येतं. बहुतेकदा ती खरी अ‍ॅलर्जी नसते. तुझ्या फाइलवर मात्र कोणीतरी लाल शाईने ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ लिहून ठेवलंय. पूर्ण बरी झालीस की डॉक्टरांना विचारून त्याचा निकाल लावून घे. नाहीतर जन्मभर प्रत्येक डॉक्टर ती ओळ वाचून तुला दुसरंच महागडं औषध देत राहील.

मग तू घरी आलीस. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, बोलणं नाकातून. संध्याकाळचा ताप आणि मानेला गाठी म्हटल्यावर आत्याने स्वयंपाकघरात आईच्या कानात ‘क्षय’ म्हटलं. आपल्याकडे ही शंका अगदीच वेडेपणाची नाही. पण मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती, ती तुला तेव्हा सांगितली नाही. तुझ्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवर मशीनने खूण केली होती की पेशी वेगळ्या दिसताहेत, स्लाइड बघा. आयुष्यभर लॅबमध्ये काढल्यावर त्या खुणेचा सगळ्यात वाईट अर्थ काय असू शकतो ते मला कोणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या ओळखीवर लॅबमध्ये जाऊन बसलो. स्लाइड लीशमनच्या रंगाने रंगवलेली होतीच. तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स लावली. साधी लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, लहान असते. गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर रंगाची बारीक किनार. इथे मोठमोठ्या पेशी होत्या, निळा भाग भरपूर, कडेला आणखी गडद. शेजारच्या तांबड्या पेशीला टेकली की तिच्याभोवती, तव्यावर घावनाचं पीठ पसरावं, तशी पसरलेली. ब्लड कॅन्सरच्या पेशी अशा वागत नाहीत. त्या सगळ्या एका साच्यातल्या दिसतात. इथे एकीसारखी दुसरी नव्हती. मी खुर्चीत मागे टेकलो आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम यायच्या आधीच चहा मागवला. अंतिम शब्द त्यांचाच, त्यांनीही तेच म्हटलं. गंमत अशी, की विषाणू शिरलेला असतो बी-लिंफोसाइटमध्ये, आणि स्लाइडवर दिसतात त्या मुख्यतः त्याच्यावर धावून आलेल्या टी-लिंफोसाइट. म्हणजे मी ज्यांना घाबरलो होतो त्या तुझ्याच बाजूच्या निघाल्या.

मोनोची झटपट चाचणी, मोनोस्पॉट, निगेटिव्ह आली तेव्हा आई पुन्हा घाबरली. पहिल्या आठवड्यात ती चारातल्या एकाला खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग व्हीसीए आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीच्या अँटिबॉडीची चाचणी, पॉझिटिव्ह आली आणि विषय संपला: एपस्टाइन-बार विषाणू.

या विषाणूची एक गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. १९६४ साली लंडनच्या एपस्टाइन, अचोंग आणि बार यांनी तो युगांडातल्या मुलांच्या एका ट्यूमरमध्ये शोधला. पण त्याने हा ताप येतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. फिलाडेल्फियात हेन्ले नवरा-बायकोच्या लॅबमध्ये एक टेक्निशियन मुलगी होती. तिच्या रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडी नव्हत्या, म्हणून तिचं रक्त तिथे निगेटिव्ह नमुना म्हणून वापरत. १९६७ मध्ये तिला मोनो झाला. बरी होऊन कामावर आली तर तिचंच रक्त पॉझिटिव्ह! त्यावरून धागा जुळला. शोध साहेबांच्या नावावर जातो, रक्त टेक्निशियनचं असतं. असो.

आता थकव्याचं. आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच गाठतो आणि साध्या सर्दीतापासारखा निघून जातो. मोठेपणी पहिल्यांदा आला की शरीर फार जोरात उलटवार करतं. तू एकुलती एक, दहा वर्षांची होईपर्यंत तुला उकळलेलं पाणी, त्यामुळे कदाचित २९ व्या वर्षापर्यंत तो तुझी वाट बघत राहिला. तुझ्या मॅनेजरला ताप समजतो, कारण तो थर्मामीटरवर दिसतो. थकवा दिसत नाही. मला मात्र तो दिसला आहे. मेतकूट-भाताचं ताट समोर, आईने तूप घातलं, आणि तू चमचा हातात धरूनच टेबलावर डोकं टेकून झोपलीस. भात गार झाला, तुपाचा पापुद्रा धरला, तरी उठली नाहीस. हा आळस नव्हे. बऱ्याच जणांचा तो महिन्याभरात ओसरतो, काहींचा दोन-तीन महिने रेंगाळतो, क्वचित त्याहून जास्त. हिंजवडीचा रोजचा प्रवास काही आठवडे बंद करून घरून काम माग, डॉक्टरांचं पत्र जोड. संध्याकाळी थोडं चाल, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर त्याच्या निम्मं चाल. आत्या म्हणेल, आम्ही तापातही भाकऱ्या बडवल्या. बडवल्या असतील.

तिने दिलेली गुळवेलीच्या काढ्याची बाटली मी फडताळात मागे सारली आहे. तुझा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, अजून वर आहे, आणि गुळवेलीने काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलंय. आत्याशी वाद नको, ‘घेते’ म्हण. शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर जे काही होतं (मला सगळं कळतं) तेही यकृत ताळ्यावर येईपर्यंत बंद.

हा विषाणू कोणाकडून आला याचा शोध घेत बसू नकोस. डॉक्टर ‘किसिंग डिसीज’ म्हणाले तेव्हा तुझी आई उठून खिडकीचे पडदे सरळ करायला लागली, हे तू पाहिलंच असशील. आम्ही काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे हिशेब लागतही नाही. नदीपात्रातल्या सरावात तुमची पाण्याची एक बाटली दहा जणांच्या तोंडाला लागते, तेवढं पुरे. आता तो तुझ्या शरीरात कायम राहील, अधूनमधून थुंकीतून बाहेरही पडेल, जसा जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या पडतो. मैत्रिणीने घाबरून वेगळी खोली शोधायचं कारण नाही. सध्या पेला आणि चमचा तेवढा वेगळा ठेव.

पथकप्रमुखांना मी फोन केलेला नाही. तुझं पथक आहे, तूच सांग. लक्ष्मी रोडवर माझ्या मित्राच्या गॅलरीत मिरवणुकीच्या दिवशी तीन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. तुमचं पथक खालून जाईल तेव्हा हवी तेवढी ओरड, घसा आता बरा आहे. चतुर्थीला येशील तेव्हा सोनोग्राफीची मूळ फिल्म आण, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. पुन्हा सोनोग्राफी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून मला कळव. आईला उकडीच्या मोदकांचा आकडा हवाय, तोही सांग.

तुझा,
बाबा