केळीचा सोप

प्रिय पास्कू,

आठ महिने गप्प होतो, हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत बरी. मध्ये डेंग्यू झाला, आठ दिवस सलाईनवर होतो, आता ठणठणीत. पत्र मात्र त्या आठ दिवसांमुळेच लिहितोय.

थोरल्या भावाचं आणि माझं तुला माहीतच आहे. विहीर सामाईक, मोटारी दोन, दिवस वाटलेले. मी खाटेवर, बायको उशाशी. म्हटलं, राजेळी केळी गेली. घरी आलो तर वाडी शिंपलेली, आळ्यांत ओल. आमच्याकडच्या कोणी हात लावलेला नाही. मग पाट बघितला. तोंडाशी चिखलाचा बांध, आणि त्यात केळीच्या खोडाचा सोप दुमडून खोचलेला, फुगीर बाजू पाण्याकडे. बाबांची रीत! तो सोप उपटला म्हणून सातवीत तू त्यांची थप्पड खाल्लीस. (उपटला मी होता. चाळीस वर्षांनी कबुली घे.) ती रीत आता दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला मी हॉस्पिटलात.

परवा ख्रिस्तराजाचा सण झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात (हो, मी शिकवतो, हसू नकोस) पोरांना सांगत होतो की देवाचं राज्य येशूबरोबर आलंय आणि पूर्ण यायचं बाकी आहे. एक कार्टं म्हणालं, "म्हणजे एसटी डेपोतून सुटली, पण नाक्यावर आली नाही?" मीही हसलो. पण घरी येऊन चैन पडेना. एसटीची वाट बघणाऱ्याला करायचं काहीच नसतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो, आणि त्याला न कळता ते रुजतं. मी झोपलो होतो तेव्हा माझ्या वाडीत कोण वावरत होतं?

आपलं भांडण आठवलं. हरित वसई चळवळीचे दिवस, तू फादर दिब्रिटोंच्या मागे मोर्च्यात. म्हणायचास, विहिरीचं पाणी राखणं हे देवाच्या राज्याचंच काम. मी म्हणायचो, राज्य वर, खाली फक्त ग्रामपंचायत. तू दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलच्या १९६४ च्या दस्तऐवजातलं 'चर्च म्हणजे राज्याचं बीज आणि आरंभ' तोंडावर फेकलंस. मी पुढच्या वर्षीचा दस्तऐवज काढला, ऐहिक प्रगती म्हणजे राज्य नव्हे. दोघे लबाड! त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की तरीही ती प्रगती राज्याच्या दृष्टीने मोलाची आहे. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं, तूही नसशील.

सणालाही २०२५ साली शंभर वर्षं झाली. पोप अकराव्या पायसने १९२५ साली घातला तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या कॅलेंडरात उपासना-वर्षाच्या अगदी शेवटी गेला. 'राज्य नंतर'वाल्यांची सीट आली म्हणून मी तुला चिडवायचो ना?

आता काय करू सांग. थोरल्याकडे जाऊन आभार मानले तर तो म्हणेल, "मी नाही." स्वभाव तुला माहीत आहे. नाही गेलो, तर प्रभूच्या प्रार्थनेत 'तुझे राज्य येवो' खणखणीत म्हणतो आणि क्षमेच्या ओळीला माझा आवाज खाली जातो. बायकोच्या लक्षात आलंय. दावा चालूच आहे. वकील म्हणतो, बोलू नका. राज्य पुरतं येईल त्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, कोर्टात निदान तारीख तरी मिळते. फेब्रुवारीची मिळालीय. रविवारी मिस्सेत शांतीच्या अभिवादनाला थोरला पुढच्या बाकावरून वळला नाही. कान मात्र लाल झाले.

मुलीला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. गुडघा कसा आहे? बर्फात जपून चाल.

उद्या पाळी थोरल्याची. त्याची मोटार दोन दिवस घरघरतेय आणि पानमळा तहानलाय. माझं पाणी तिकडे वळवायला पाच मिनिटं लागतील. सोप कापून ठेवलाय. पण मी दुमडला की गळतो रे, बाबांसारखा बसत नाही.

तुझा,
इनास