माळा मोकळा केलात, आत्या

तीर्थस्वरूप आत्या,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही एकदा वाचून उशीखाली सारलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. घरच्या ग्रुपवर मोकळ्या माळ्याचा फोटो पडल्यापासून 'धाकट्या सुनेने घर आवरलं' अशी हवा झाली आहे. ऐकायला बरं वाटतं, नाही असं नाही, पण ते खरं नाही.

आंजर्ल्याच्या या घरात एरवी आम्ही नऊ माणसं, मे महिन्यात मुंबई-पुण्याची आली की एकवीस. ओटी, पडवी, माजघर, वर अख्खा माळा, आणि तरी यंदा आंब्याची अढी घालायला माळ्यावर चटईएवढी जागा नव्हती. शेवटी मामंजींच्या खाटेखाली पेंढा पसरला. रात्रभर त्यांना त्या वासाने झोप नाही. सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, शिडीकडे बघितलंत आणि म्हणालात, "काय गो, वर आहे तरी काय एवढं?"

काय आहे ते मला पाठ होतं. सतरा वर्षं झाडतेय. तीन जुने डब्बा टीव्ही, दोन मिक्सर, कापसाच्या सात गाद्या, लोखंडी घडीच्या खाटा, कुणाच्या तरी बाळाचा पांगुळगाडा. मुंबईच्या घरात नवीन वस्तू आली की जुनी गाडीच्या टपावर बसून गावाला येते. 'असू दे, गावाला लागेल.' गावाला काय लागतं हे गावातल्या माणसाला कुणी विचारत नाही, हा माझा जुना राग. तो इथे काढून घेते.

पण मी त्यातलं काहीच टाकू शकत नव्हते. एकदा झाकण हरवलेली बरणी टाकली होती, तर ती आजेसासूबाईंची होती हे मला दोन गणपती ऐकावं लागलं. सुनेने टाकलं की ती उधळी. तुम्ही माहेरवाशीण. तुम्ही टाकलंत की ती आवराआवर. हा फरक तुम्हाला कळला होता, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मी सांगत्ये म्हणून ती उचलत्ये." त्या एका वाक्याने माझं अर्धं काम केलं.

खळ्यात ताडपत्री अंथरली, मुलांची साखळी केली आणि माळा खाली उतरवला. मृग लागायच्या आत करायचं, ऊन आहे तोवर, हा तुमचा हट्ट बरोबर होता. एकदा पाऊस धरला की गादी उन्हात घालता येत नाही आणि कागद सुकत नाहीत. मग बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही. तुम्ही पाटावर बसून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत होतात, "मालक कोण?" मालक मे महिन्यामुळे घरातच होते, ही केवढी सोय! जे नव्हते त्यांना फोन. डोंबिवलीचे भाऊजी म्हणाले, "असू दे ना, कधीतरी लागेल." तुम्ही शांतपणे विचारलंत, "कधीतरी हा वार कुठल्या पंचांगात आहे रे?" टीव्ही भंगारात गेले. पोरांना पडदे फोडायचे होते, पण त्या काचेत शिसं असतं म्हणून थोरल्याने हात लावू दिला नाही.

ब्लाउजपीस निघाले चौसष्ट. ओटीत आलेले, पुढच्या ओटीत जायच्या वाटेवर थांबलेले. त्यातला एक मीच तीन वर्षांपूर्वी शेजारी दिला होता, कोपऱ्यावर माझी पेनाची खूण होती. गावभर फिरून तो माहेरी परत आला. श्रीखंडाचे डबे मोजायचे तुम्ही सोडून दिलेत. आहेराची स्टीलची भांडी मात्र एकेक हातात घेऊन त्यावर घातलेली नावं वाचलीत, आणि देणारा कोण, त्याचं आपल्याशी नातं काय, ते नव्या पोरांना सांगितलंत. दुपारचे दोन तास त्यातच गेले. मला तेव्हा घाई झाली होती, आता वाटतं बरं झालं. जुन्या साड्या वाडीतल्या गोधडी शिवणाऱ्या मावशींकडे गेल्या. पितळ किलोवर द्यायचं नाही हे तुम्ही ठणकावलंत, आणि हंडा, घंगाळ, दोन पातेली कल्हईसाठी बाजूला काढलीत.

पोह्यांच्या डब्यात पाचशेच्या चार नोटा सापडल्या, नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या. सासूबाईंचा चेहरा आठवतो. अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला २०१७ च्या कायद्याची आडकाठी नाही, असं भाचीने सांगितल्यावर त्यांनी त्या पुन्हा त्याच डब्यात ठेवल्या. तुम्हीही काही बोलला नाहीत.

मागच्या बाजूला रचून ठेवलेली जुनी कौलंही मी 'अडगळ' म्हणून काढायला निघाले होते. तुम्ही अडवलंत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या छपराची निम्मी कौलं उडाली, तेव्हा दुसऱ्या कारखान्याची आणली ती साच्यात बसेनात, गळती दोन पावसाळे पुरली. म्हणून आता या जुन्यांतली अख्खी कौलं मोजून, उभी लावून ठेवली आहेत. फुटकी वाटेवर टाकली.

एक चूक झाली ती लिहायलाच हवी. तुमची नव्हे, माझी. भंगाराच्या ढिगात आंबे काढायच्या नूतन झेल्याचं कडं आणि पातं गेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला तो झेला देठासकट आंबा उतरवतो, फळावर चीक सांडत नाही. ऐन हंगामात आम्ही आठ दिवस शेजाऱ्यांकडे मागत फिरलो. मामंजी अजून झेल्याचं नाव निघालं की माझ्याकडे बघतात.

आता कागदांचं. ती पत्र्याची पेटी मी बंबात घालायला काढली होती. कसर लागलेली, वरचे कागद घरपट्टीच्या पावत्या. तुम्ही म्हणालात, वाचल्याशिवाय एक चिटोरं जळायचं नाही. चष्मा लावून दिवसभर बसलात. फेरफाराच्या दोन नकला निघाल्या, सामाईक जमिनीचा हाताने काढलेला एक नकाशा, आणि मोडीतला एक कागद जो आपल्यापैकी कुणालाच वाचता आला नाही, म्हणूनच ठेवला. सगळ्यांत खाली तुमचं हक्कसोडपत्र होतं. (हे लिहू का म्हणून तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, "लिही, त्यात लपवायचं काय?")

मला तो कागद असल्याचं माहीतही नव्हतं. या घरावरचा, बागेवरचा हक्क भावांच्या नावे सोडल्याचा, खाली तुमची सही, तेव्हाच्या गोल अक्षरातली. तुम्ही तो दोनदा वाचलात, घडी होती तशीच घातलीत, प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलात आणि माझ्या हातात दिलात. "हे नीट ठेव. उद्या तुमच्या पोरांना लागेल." मग पाणी मागितलंत.

त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. माळ्यावर ज्यांचा हिस्सा होता ते सगळे 'असू दे' म्हणत होते. आणि ज्या बाईने आपला हिस्सा कधीच सोडला होता, ती अकरा दिवस गुडघे दुखत असताना आमची अडगळ निवडत बसली. मी त्या दिवशी आभार मानायला हवे होते. मी विचारलं, "भात लावू का?"

आत्या, तुमचे आभार. अढीसाठी, मामंजींच्या झोपेसाठी, आणि सगळ्यांसमोर माझं नाव वाचवल्याबद्दल. यंदा हापूस वर पेंढ्यात पिकला, आणि त्याच्या शेजारी चार माणसांना झोपता येईल एवढी जागा उरली.

शेवटच्या दिवशी कोपऱ्यात ती हिरवी ट्रंक उरली होती. झाकणावर रंगाने तुमचं लग्नाआधीचं नाव. मुलांनी ती शिडीपाशी आणली आणि तुमच्याच सुरात ओरडली, "मालक कोण?" सगळे हसले. तुम्ही पदर खोचलात, कडीला हात लावलात, आणि म्हणालात, "ही आज नको."

ती वरच आहे. वाळवी लागू नये म्हणून खाली दोन जांभ्याचे चिरे ठेवलेत, भोवती कडुनिंबाचा पाला टाकलाय. किल्ली तुमच्याकडेच आहे.

तुमची,
धाकटी सून