भायखळा कुणाचा?

माझगाव, मुंबई

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

भायखळा हा मुसलमानांचा भाग की ख्रिस्ती लोकांचा, असे तू मागच्या पत्रात विचारलेस. एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण इथे बांधणारा एक आणि वापरणारा दुसराच, असा प्रकार पावलोपावली दिसतो.

बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांचेच पाहा. त्यांनी १८६०च्या दशकात आपल्या यहुदी समाजासाठी मागेन डेव्हिड हे प्रार्थनास्थळ उभारले. ग्रीक धाटणीचे खांब आणि वर घड्याळाचा मनोरा, त्यामुळे नवखा माणूस त्याला चर्चच समजतो. १९४८ नंतर बहुतेक यहुदी कुटुंबे परदेशी गेली, पण त्याच आवारातील ससूनांच्या शाळा चालू राहिल्या आणि आता तिथे मुख्यतः नागपाडा-मदनपुऱ्यातील मुसलमान मुले शिकतात. ससूनांच्या राहत्या बंगल्यात पुढे मसिना रुग्णालय आले, आणि ते काढले एका पारशी डॉक्टरांनी.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे कोकणाशी नाते जुने, आडनावेही केहिमकर, दिवेकर अशी गावावरून पडलेली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली काढलेली शाळा आज माझगावात एली कदूरी या नावाने ओळखली जाते.

माथारपाखाडीविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो. माझगावच्या या गल्लीत कौलारू छपरांची, लाकडी कठड्यांची काही घरे अजून तग धरून आहेत. जिना घराच्या बाहेरून वर चढतो, आणि वाटेवरच्या क्रुसाला झेंडूचा हार घातलेला दिसतो. हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक इथले मूळचे, त्यांची घरची बोली मराठीचीच. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे सरकारदरबारी कळावे म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, हे इंग्रजी नाव घेतले. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा याच गल्लीतले. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. आपल्या शालेय पुस्तकात त्यांना एखादी ओळ तरी मिळाली होती का, मला तर आठवत नाही. भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे, पण तिथे फिरायला येणाऱ्यांना हे बॅप्टिस्टा कोण, हे क्वचितच ठाऊक असते.

राणीच्या बागेतही हीच सरमिसळ. व्हिक्टोरिया राणीची बाग जिजाबाईंच्या नावाची झाली, तरी लोकांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली, आणि आता राणी कोणती ते ज्याने त्याने ठरवावे! शेजारचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १८७२ साली खुले झाले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. ते उभे राहावे म्हणून खटपट करणाऱ्यांत भाऊ होते, तेव्हा हे नामांतर मला पूर्ण पटते. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि तो इथेच राहिला. ते सांधे जवळून पाहिले तर आजही दिसतात.

खडा पारशी, म्हणजे शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा पुतळा, उंच खांबावर उभा आहे, पण दोन्ही बाजूंनी उड्डाणपुलाच्या शाखा गेल्यामुळे त्यांच्याकडे मान वर करून पाहायला कुणाला उसंत नसते.

तू येशील तेव्हा लोकलने भायखळ्याला उतर. स्टेशनची इमारत १८५७ची आहे आणि अलीकडच्या डागडुजीला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला आहे, तेव्हा घाईने बाहेर पडू नकोस. तिथून आधी राणीची बाग करू आणि मग चालत माथारपाखाडीला जाऊ. फक्त बुधवार टाळ, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद