दारूच्या प्रसंगाखालच्या पट्टीत एवढा एक नंबर टाका

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मालिकेत कुणी ग्लास हातात घेतला की पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' अशी पट्टी येते. ज्या घरात रोज संध्याकाळी दारू येते, त्या घराला ही बातमी काही नवीन नाही. त्या घराला पुढचं हवं असतं. जायचं कुठं, विचारायचं कुणाला? ते पट्टी सांगत नाही, आणि पट्टीच्या वर चाललेली मालिका बऱ्याचदा भलतंच शिकवते.

सुरुवात अशी नव्हती. मालिकांमधून लोकशिक्षण करायची कल्पना वसंत साठ्यांनी मेक्सिकोत पाहिली आणि इकडे आणली, तेव्हा ते आज तुम्ही बसता त्याच खुर्चीवर होते. (खासदार ते वर्ध्याचे, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्याचे!) त्यातून 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली. त्यातला बाप, बसेसर राम, पिणारा होता आणि त्याच्या पिण्याची झळ अख्ख्या घराला लागताना दिसायची. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार येऊन चार शब्द सांगायचे. उपदेश होता, मान्य. पण दारू एकट्याची नसते, घराची असते, एवढं तरी बघणाऱ्याला कळत होतं.

दोनच वर्षांनी 'नुक्कड' मालिका आली आणि तिच्यातला गमतीदार दारुडा, खोपडी आला. समीर खक्कर यांनी तो असा उभा केला की 2023 मध्ये ते गेले तेव्हाही लोकांनी खोपडी म्हणूनच हळहळ व्यक्त केली. मलाही तो आवडायचा. पण त्यानंतर टीव्हीवरचा बेवडा हा हसण्याचाच विषय होऊन बसला. आजचा कुठलाही मराठी विनोदी कार्यक्रम लावा. शर्टाची बटणं खाली-वर, खिशात क्वार्टर, पाय लटपटत, आणि बायको आली की फाटकन नशा उतरलेली. ज्या 1986 साली खोपडी घराघरांत पोचला, त्याच साली पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला देणगी दिली. तिथली माणसं खोपडीसारखी गमतीदार नसतात. ती थरथरत येतात.

खाजगी वाहिन्यांनी मग दोन नमुने वाढवले: मारझोड करणारा नवरा आणि हातात ग्लास घेऊन कट शिजवणारी बाई. सोज्वळ नायिका पिते ती फक्त सरबतात कुणी काही मिसळलं तरच. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मला खरी भीती वाटते ती दारू सुटण्याच्या प्रसंगाची. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, बाटली मोरीत रिकामी, मागे बासरी, आणि पुढच्या भागात गडी ठणठणीत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अशी एका झटक्यात बंद केली तर हात कापतात, दरदरून घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात. काही वेळा जीवही जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. शपथ मोडली की घरचे म्हणतात, 'याला आमची किंमतच नाही.' आजार आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण चाळीस वर्षं टीव्हीने तो आजार म्हणून क्वचितच दाखवला.

व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या मिटिंगला मी जाते. तिथं ऐकू येतं ते मालिकेत येत नाही. नवऱ्याच्या ऑफिसात 'त्यांना ताप आलाय' असं दर सोमवारी फोन करून सांगणारी बायको. खाली गाडी स्टँडवर कशी लागली त्या आवाजावरून आज किती झालीय ते ओळखणारी आणि त्याप्रमाणे टीव्ही बंद करून पुस्तक उघडणारी पोरं. उपचार घेऊन आलेल्या माणसाला हळदीच्या रात्री 'अरे, एकाने काय होतंय' म्हणत आग्रह करणारा सख्खा मेहुणा. महोदय, या मेहुण्यावरच तीन महिन्यांची मालिका निघेल.

दारू दाखवूच नका, असं माझं म्हणणं नाही. ग्लास धूसर करूनही काही साधत नाही. सोड्याच्या आडून होणाऱ्या दारूच्या जाहिरातींना नियमाने बंदी आहेच, तो नियम पाळला जातोय का एवढं बघा. तंबाखूबाबत 2012 पासून कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि मध्ये तीस सेकंदांची चित्रफीत लागते, 2023 मध्ये ओटीटीलाही नियम लागू झाला. दारूच्या वाट्याला मात्र ती एक पट्टी.

निदान त्या पट्टीत व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक टाका: 14446. तो टोल फ्री आहे आणि सामाजिक न्याय खात्याचा, म्हणजे तुमच्याच सरकारचा आहे. याच खात्याने 2019 मध्ये एम्सकडून करून घेतलेला पाहणी अहवाल सांगतो, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बाकीच्या 37 जणांच्या घरीही टीव्ही असणारच. अक्षरं म्हातारीलाही वाचता येतील एवढी मोठी असावीत, आणि मराठी वाहिनीवर मराठीत. फोन उचलणाराही मराठी बोलणारा हवा, हे ओघाने आलंच.

दुसरी मागणी दूरदर्शनकडून. उपचार, घसरणं, पुन्हा उभं राहणं हे सगळं दाखवणारी एक मालिका काढा. लिहिणाऱ्यांना आधी महिनाभर एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात बसवा. पट्टीचं काम मात्र तोवर थांबवू नका, त्याला दोन खात्यांमधलं एक पत्र पुरेल.

कळावे,
आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातली एक प्रेक्षक