लंब्या, बॉण्ड विकायच्या आधी हे वाच

प्रिय लंब्या,

स्टेटमेंटचा फोटो आणि खाली "बॉण्ड फंड काढून सगळं शेअरमध्ये टाकतोय", एवढंच! रात्रभर डोक्यात तेच. माझी तब्येत बरी आहे, बीपी कंट्रोलमध्ये, तो विषय संपला.

तू गोल कशाला केलायस बघ जरा. शेअरच्या तीन वर्षांच्या आकड्याला आणि बॉण्डच्या पाच वर्षांच्या. अरे हे काय! तीन वर्षं म्हणजे 2023, 24, 25. एस अँड पी 500, म्हणजे अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स, डिव्हिडंड धरून 26 टक्के वर, मग 25, मग 18 च्या जवळ. त्यात 2022 नाहीच, जेव्हा हाच इंडेक्स 18 टक्के पडला होता. बॉण्डच्या पाच वर्षांत मात्र 2022 ठाण मांडून बसलंय, त्या वर्षी अमेरिकेचा मुख्य बॉण्ड इंडेक्स 13 टक्के पडला, म्हणून पाच वर्षांचा आकडा शून्याच्या आसपास दिसतोय. बॉण्डचीही तीनच वर्षं घे, वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास निघतील.

2022 वरनं आपलं केवढं वाजलं होतं, मास्तर मध्ये पडले म्हणून बरं. "सेफ म्हणून घेतलं तर हेही पडलं" हे तुझं पालुपद अजून चालूच आहे, पण कारण तेव्हाही तेच सांगत होतो. मार्च 2022 ला फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, शून्याजवळून व्याजदर उचलायला घेतले ते जुलै 2023 ला सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. जुना बॉण्ड शंभरावर दीड देतोय, नवा चार देतोय, मग जुन्याला शंभर कोण मोजेल? भाव पडणारच. व्याजदर हलले की फंडाचा भाव किती हलतो ते ड्युरेशन सांगतं, ते सहा असेल तर व्याजदर एक टक्का वाढला की भाव साधारण सहा टक्के खाली. पण जुन्यांची मुदत संपत जाते तसा तोच फंड जास्त व्याजाचे घेत जातो, म्हणून पुढचा अंदाज आजच्या यिल्डवरून, म्हणजे आजच्या भावाला वर्षाला किती परतावा बसतो त्यावरून घ्यायचा, मागच्या पाच वर्षांवरून नाही.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. ते पैसे पोरीच्या फीचे आहेत ना? दोन वर्षांत लागणार! एप्रिल 2025 आठव. 2 तारखेला अमेरिकेचे टॅरिफ (आयात शुल्क) जाहीर झाले, पुढच्या चार सेशनमध्ये इंडेक्स 12 टक्के खाली, तुझा रोज रात्री फोन, "विकू का रे?" आणि 9 ला एका दिवसात साडेनऊ टक्के वर. तेव्हा बॉण्डचा तुकडा होता म्हणून तू तग धरलास, हे तूच म्हणाला होतास. 500 कंपन्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस, इंडेक्सच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग वरच्या दहा कंपन्यांतच आहे.

लांबच्या पैशाचं म्हणशील तर टाक शेअरमध्ये, मी आडवा येणार नाही, कॅरममध्ये तुझ्या राणीला येतो तसा तर नाहीच. फीच्या पैशाला हात लावू नकोस, लावायचाच तर कमी मुदतीच्या बॉण्डमध्ये हलव.

वहिनींचा गुडघा कसा आहे? नवीन नोकरीचं काहीच कळवलं नाहीस. फंडाच्या फॅक्टशीटवर (माहितीपत्रकावर) यिल्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे मुदतीपर्यंत धरल्यास बसणारं यिल्ड, आणि ड्युरेशन लिहिलेलं असतं, त्या पानाचा फोटो पाठव, आणि आपलं बोलणं होईपर्यंत स्विचचं बटण दाबू नकोस.

तुझाच